सागीनचा झरा

सागीन मास्तर वारले त्याच्या वर्षाच्या जेवणाला तालाय राजधानीतून काळ्या गाडीतून आला. येताना त्याने एक जिवंत मेंढा आणि साखरेचं पोतं आणलं होतं. आमच्या डोंगरातल्या नारीनमध्ये माणसाची माया किती खरी ते असल्या गोष्टींवरून ठरतं. "बघा, विद्यार्थी असावा तर असा," म्हातारे म्हणाले आणि त्यांनी त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. दामिराने, म्हणजे सागीनच्या बायकोने, मांस वाटणाऱ्या दिराला डोळ्याने खुणावलं आणि वडीलधाऱ्यांना जातं ते मांडीचं हाड तालायच्या ताटात पडलं. या पोराला तिने बारा वर्षांचा असल्यापासून जेवू घातलं होतं. सागीन भूगोलाचा मास्तर आणि ती गणिताची. तालायला पहिला कॉम्प्युटर हाताळायला मिळाला तो त्यांच्या घरात, चुलीशेजारच्या टेबलावर.

हाड चाटूनपुसून झाल्यावर तालायने हात पुसले, खिशातून फोन काढला आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना म्हणाला, "आता एक गंमत दाखवतो. माझ्या कंपनीतल्या पोरांनी आपल्या सगळ्या डोंगराचा नकाशा केलाय. झरे, खिंडी, ओढ्याचे उतार, सगळं. वर रेंज नसली तरी चालतो. या उन्हाळ्यात कळप वर चढायच्या आत जिल्ह्यातल्या प्रत्येक मेंढपाळाच्या फोनमध्ये हा असणार."

दामिरा चहाचे वाडगे भरत होती. ती वाकली तेव्हा फोन नेमका तिच्या डोळ्यांसमोर आला. हिरव्या रंगावर निळा ठिपका, आणि ठिपक्याखाली लिहिलेलं: "दामिराचा रुसवा".

तिच्या हातातला चहा एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर सांडला.

हा रुसवा काय आहे ते सांगायला हवं. जगात एक मोकळा नकाशा आहे. तो कोणा कंपनीचा नाही, सरकारचा नाही. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने त्यात भरायचं, चुकलं तर दुसऱ्याने सुधारायचं, आणि वापरायचा सगळ्यांनी. आमच्याकडे एखाद्याला घर बांधायचं असलं की गाव जमतं, कोणी चिखल तुडवतो, कोणी विटा पाडतो, मालकीण जेवायला घालते, मजुरी कोणी मागत नाही. याला आम्ही आशार म्हणतो. सागीन म्हणायचा, "हा नकाशा म्हणजे पृथ्वीचा आशार आहे, आणि आपल्या वाटची भिंत कोरी पडलीये." खरंच कोरी होती. नारीनच्या वरचे डोंगर त्या नकाशात म्हणजे नुसता राखाडी डाग. मग हा माणूस शाळेच्या प्रत्येक सुट्टीत घोड्यावर बसून वर जायला लागला. बरोबर कासिमाली, त्याचा मेंढपाळ दोस्त. झऱ्यापाशी जायचं, ओंजळभर पाणी प्यायचं, आणि मग फोनमध्ये ठिपका घालायचा. प्यायल्याशिवाय ठिपका घालायचा नाही, हा सागीनचा नियम. ज्या झऱ्यांना नावं नव्हती त्यांना तो मनाला येईल ते नाव द्यायचा. एका झऱ्यापाशी घोड्याने कासिमालीला लाथ मारली, तो झरा झाला "कासिमालीची बरगडी". एक झरा वर्षाआड आटायचा, कारण न सांगता आटायचा आणि कारण न सांगता वाहायला लागायचा. त्याला त्याने बायकोचं नाव दिलं आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. "बघ, नाव बरोबर बसलं," तो म्हणाला.

असा हा नकाशा. पाहता पाहता बाकीचे मेंढपाळही त्यात भर घालायला लागले, आणि चार उन्हाळ्यांनी आमचा राखाडी डाग निळ्या ठिपक्यांनी भरला. मग एका मार्चमध्ये शाळेच्या पायरीवर सागीनचं हृदय थांबलं.

पाहुणे पांगल्यावर दामिराने तालायला गाडीपाशी गाठलं.

"तो नकाशा सागीनचा आहे," ती म्हणाली.

"एजे, नकाशा सगळ्यांचा आहे. तुम्हीच शिकवलंत ना?" तालाय तिला लहानपणापासून एजे म्हणायचा, म्हणजे ताई. "मोकळा आहे म्हणून घेतला."

"घे की. विक सुद्धा, कोणी नाही म्हटलंय? पण अट काय आहे, ठाऊक आहे ना तुला? कोणाकडून घेतला ते लिहायचं आणि पुढच्यालाही मोकळाच द्यायचा. तू तर कुलूप लावलंस. आणि वर सांगतोस, माझ्या पोरांनी केला."

"स्क्रीन केवढीशी असते एजे. नावं कुठे लिहू?"

"एक नाव मावेल."

तालाय हसला. वाईट हसला असंही नाही. लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसा हसला, आणि तेच तिला जास्त लागलं. "एजे, दार उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी चोर चोर ओरडायचं, असं कसं चालेल? आगाय भोळे होते. देव त्यांना चांगली जागा देवो." आगाय म्हणजे मास्तर. एवढं बोलून त्याने गाडीचं दार लावलं.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात हे दामिराला ठाऊक होतं. पण याने वासे मोजले नाहीत, उपटून नेले, आणि तेही मालकाच्या वर्षाच्या दिवशी, मालकाच्या घरचं मांस खाऊन. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली.

सागीन गेल्यावर तिने शाळा सोडली होती आणि बाजारात चपलांच्या गल्लीच्या टोकाला दुकान थाटलं होतं. कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर ती आणायची, आत लिनक्स नावाची मोकळी प्रणाली घालायची आणि ते पुन्हा चालते करायची. बायका फोन घेऊन यायच्या. "एजे, जाहिराती येतात सारख्या, तुझं ते फुकटवालं घाल ना." दामिरा म्हणायची, "फुकट नाही गं, मोकळं." "बरं बाई, मोकळं तर मोकळं, पण घाल." दवाखान्यातली हिशेबनीस लिबरऑफिस या हिशेबाच्या मोकळ्या प्रोग्रॅमवर रोज चिडायची, आमचं बटण इथे होतं ते तिकडे का गेलं म्हणून, आणि दर महिन्याला नातेवाइकाचा एक नवा कॉम्प्युटर घेऊन यायची, त्यातही तेच घाल म्हणून. लग्नाच्या व्हिडिओपासून मशिदीच्या वेळापत्रकापर्यंत अर्धं नारीन असल्या बिनमालकाच्या प्रोग्रॅमवर चालतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. नळाला पाणी येतं, त्याचं कुठे काय वाटतं?

ती जिल्ह्याच्या कुरण-खात्यात गेली. तिथला साहेब झापारोव. माणूस वाईट नव्हता, पण त्याला शांतता फार प्रिय होती. "दामिरा एजे, झरे तर देवाचे," तो म्हणाला. "तुमच्या नकाशात आहेत, त्याच्या नकाशातही असणारच. चोरले कशावरून म्हणायचे?"

"नावं बघा ना. दामिराचा रुसवा हे काय देवाने ठेवलंय?"

"आता सगळेच तसं म्हणतात. माझा मेहुणासुद्धा म्हणतो. तालाय सांगतो, आमच्या पोरांनी लोकांना विचारून नावं लिहिली." त्याने खांदे उडवले. "पुरावा आणा. ऑक्टोबरात सभा आहे, त्यात हा नकाशा सगळ्यांना सक्तीचा करायचं ठरणार आहे. त्याच्या आत आणा."

सक्तीचा. म्हणजे तालायचं नाव प्रत्येक फोनवर, आणि सागीन कुठेच नाही. दहा वर्षांनी पोरं म्हणणार, हे झरे तालायने शोधले. आयत्या बिळावरचा नागोबा निदान बीळ मी खणलं असं तरी म्हणत नाही. दामिरा दुकानात येऊन बसली, एक उघडा कॉम्प्युटर समोर ओढला, आणि स्क्रू फिरवता फिरवता तिला सुचलं.

खऱ्या झऱ्यावरून चोर सापडत नाही, कारण खरा झरा कोणालाही सापडू शकतो. चोर सापडतो तो खोट्या झऱ्यावरून.

सागीनचा लॅपटॉप ती अजून वापरत होती. त्यात मोकळा नकाशा त्याच्याच नावाने उघडायचा. तिने कधी बदललं नव्हतं. नकाशात कोणी काय भरलं, कधी भरलं, ते कायमचं लिहिलेलं राहतं, पुसलं तरी इतिहासात राहतं. स्वतःच्या नावाने घालावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण नाही. सागीननेच त्याची गचांडी धरायला हवी. मेलेल्या माणसाने उठून तालायला भर सभेत विचारावं, हा ठिपका कुठून आणलास, यातली गोडी तिला सोडवेना. माणूस सुडाला बसला की असा शौकीन होतो, नुसतं मारून भागत नाही, सजवून मारायचं असतं.

आक-ताल कुरणातून पलीकडे उतरताना एक लांब घळ लागते, कुर्गाक-साय. कोरडी घळ असाच त्याचा अर्थ. आमच्याकडचं शेंबडं पोरही त्या घळीत कळप घालणार नाही. वाट जवळची पडते, पण थेंबभर पाणी नाही. म्हणून तर दामिराने ती निवडली. तिथे कोण जाणार आहे मरायला? जूनच्या एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तिने घळीच्या मधोमध निळा ठिपका घातला आणि खाली लिहिलं: "आक-बुलाक". पांढरा झरा. असे पांढरे झरे दर दोन डोंगरांमागे एक असतात, कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

सागीनच्या नावाचा तो पहिला ठिपका, ज्याचं पाणी कोणी प्यायलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिने ते बाजूला ठेवलं.

कळप चढायच्या आधी तालायच्या नकाशाची पक्की प्रत वाटली गेली. दामिराने एका गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ती उघडली, कुर्गाक-साय शोधली, आणि तिथे होता, निळा, गोल, निर्लज्ज. आक-बुलाक. ती एवढी हसली की शेजारचा चपलावाला विचारायला आला. त्याच दिवशी तिने मोकळ्या नकाशातून तो ठिपका पुसून टाकला. आपलं अंगण स्वच्छ झालं, असं ती स्वतःला म्हणाली. तालायच्या नकाशात मात्र तो राहिला, कारण त्याला कुलूप होतं. मेंढपाळाला चूक दिसली तरी सुधारता येत नव्हती, आणि तालायची पोरं राजधानीत बसून थंड बिअर पीत होती.

तो उन्हाळा दामिराचा फार छान गेला. सभेत काय बोलायचं ते ती भांडी घासताना घोळवायची. तालायचा चेहरा कसा पडेल, झापारोव चष्मा कसा काढेल, म्हातारे कसे मान हलवतील. तिने कोणाला काही सांगितलं नाही, कासिमालीलाही नाही. सांगितलं असतं तर त्याने एका वाक्यात सगळं मोडून काढलं असतं, हे तिला आतून ठाऊक होतं.

कासिमाली ऑगस्टच्या शेवटी दुकानात आला. एरवी तो दारातूनच ओरडायचा, "वहिनी, चहा टाक, माझा फोन पुन्हा मेला." त्या दिवशी तो सरळ आत येऊन बसला.

"एर्मेकला ओळखतेस? तो नवा, दूरच्या तालास प्रांतातून आलेला, बायकोचं नाव नाझिक," तो म्हणाला.

"नाही. का?"

"निम्मा कळप गेला त्याचा. पहिलाच उन्हाळा होता बिचाऱ्यांचा इकडे. कोणाला विचारायची लाज वाटली असेल, तरणा माणूस. तालायच्या नकाशात बघितलं, घळीत झरा आहे, वाट जवळची, घातला कळप आत. झऱ्यापाशी पोचले तर धूळ. मग वाटलं जरा पुढे असेल. पुढे गेले. परत फिरायचं अंतरही तोवर वाढलं." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरोबर लहान पोर होतं. ते वाचलं. मेंढ्या एकीवर एक पडल्या होत्या, वहिनी. मी बघून आलो."

दामिराने किटली खाली ठेवली.

"कुर्गाक-सायमध्ये झरा," कासिमाली म्हणाला. "कुठल्या हरामखोराने घातला असेल? माझ्या हाती लागला तर त्याला त्याच घळीत नेऊन सोडीन."

तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने किटली परत उचलून त्याचा वाडगा भरला. आणि मग, खरं सांगायचं तर, तिच्या मनात एक दुसरं मन होतं, ते हळूच म्हणालं: हा तर आणखी चांगला पुरावा झाला. आता तालाय नुसता चोर नाही, आता त्याच्या नकाशापायी माणसं मरता मरता वाचली. तू गप्प राहा. सगळं त्याच्याच अंगावर पडतंय. या मनाची तिला किळस आली, तरी तिने त्याचं ऐकलं. सप्टेंबर गेला.

सभेला संस्कृती-भवन गच्च भरलं होतं. कळप खाली उतरले होते, माणसांच्या कोटांना मेंढ्यांचा आणि धुराचा वास होता. व्यासपीठावर झापारोव, त्याच्या शेजारी तालाय, मागे भिंतीवर मोठा पडदा आणि पडद्यावर तो नकाशा. तालाय बोलायला उठला तेवढ्यात मागून एर्मेक उभा राहिला. बारीक पोरगा, कानापर्यंत लाल झालेला.

"मला एकच सांगा," तो म्हणाला. "कुर्गाक-सायमधला झरा कोणी घातला?"

भवनात आवाज उठला. कोणी म्हणालं, "सांग की आता." कोणी म्हणालं, "राजधानीत बसून झरे खणतात व्हय?" दामिरा तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. आता हा काय म्हणेल? माझ्या पोरांनी घातला म्हणाला तर एर्मेक त्याला फाडून खाईल. दुसरीकडून घेतला म्हणाला तर चोरी कबूल. दोन्हीकडून दार बंद. ती याच घटकेसाठी उन्हाळाभर जगली होती.

तालायने घसा साफ केला. घाबरलेला दिसला नाही. उलट त्याचा चेहरा दुःखी होता, मयताला जाताना करतात तसा.

"मला हे बोलायचं नव्हतं," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण आता बोलावं लागतंय. आम्ही झरे मोकळ्या नकाशातून घेतले, विश्वासाने घेतले. कबूल करतो, नाव लिहायला हवं होतं. पण हा झरा आमचा नाही." त्याने बोट फिरवलं आणि पडद्यावर मोकळ्या नकाशाचा इतिहास उघडला. आक-बुलाक, आणि पुढे घालणाऱ्याचं नाव. "बघा. सागीन आगाय. माझे गुरू. माणूस आहे, चुकला असेल."

कोणीतरी मागून म्हणालं, "सागीन? सागीनने झरा न बघता घातला?" दुसरा म्हणाला, "म्हणजे बाकीचे पण तसेच?" हे बोलणारे वाईट लोक नव्हते. त्यांचे कळप त्या ठिपक्यांवर चालत होते.

मार्चपासून दामिराला एकच हवं होतं, तालायने चार लोकांत सागीनचं नाव घ्यावं. त्याने घेतलं होतं.

ती उठली.

"तारीख वाच, तालाय," ती म्हणाली.

"एजे, बसा तुम्ही."

"तारीख वाच. झापारोव साहेब, तुम्ही वाचा."

झापारोवने चष्मा घातला. "जून," तो म्हणाला. "यंदाचा जून."

"तू सागीनच्या वर्षाच्या जेवणाला बसून मांडीचं हाड चघळलंस, ते मार्चमध्ये. माणूस त्याच्याही वर्षभर आधी मातीत गेलाय. तो जूनमध्ये कुर्गाक-सायला जाऊन झरा घालेल?" तिचा आवाज उंच चढला आणि तिला तो आवडला, एवढं दुःख असूनही आवडला. "तू चोर आहेस हे सिद्ध करायला घातला होता तो. तू डोळे मिटून उचललास. मोकळ्या नकाशात तो दोन आठवडेसुद्धा नव्हता, पुसला गेला. तुझ्या कुलपात मात्र सडत राहिला. आता सांग सगळ्यांना, किती झरे तुझ्या पोरांनी शोधले?"

तालाय खाली बसला. त्याचा चेहरा खरोखर तसाच पडला जसा तिने भांडी घासताना पाहिला होता.

पण भवन तालायकडे बघतच नव्हतं. पहिल्या रांगेतून एक मुलगी उठली होती, कडेवर पोर, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. ती नाझिक.

"मग घातला कोणी?" तिने विचारलं.

दामिराने तिच्याकडे पाहिलं. "मी," ती म्हणाली.

"तुम्ही आमच्यासाठी नव्हता घातला."

"नाही गं. याच्यासाठी."

"हो, पण पाणी प्यायला आम्ही गेलो," नाझिक म्हणाली. ती ओरडली नाही. "हा माझा पोरगा ओलं फडकं चोखत होता, एजे. फडकं वाळलं तेव्हा मी त्यावर थुंकत होते." मग ती पोराला घेऊन बाहेर गेली. एर्मेक तिच्या मागे गेला. कासिमाली भिंतीला टेकून उभा होता. त्याने टोपी घातली आणि तोही गेला.

निकाल दामिराच्या मनासारखा लागला, अगदी ती मागत होती तसाच. नकाशाचं कुलूप काढायला लागलं. तालायच्या कंपनीला पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहायला लागलं: हा नकाशा नारीनचे सागीन मास्तर आणि इथल्या मेंढपाळांनी केला. तालायची काळी गाडी नंतर नारीनमध्ये कोणी पाहिली नाही. राजधानीतही त्याचं नाव खराब झालं म्हणतात. सूड म्हणाल तर पुरा झाला, काठोकाठ. आणि तो घशाखाली उतरेना.

तिच्या स्वतःच्या मेंढ्या कासिमालीच्या कळपात होत्या, त्या सगळ्या तिने नाझिककडे पाठवल्या. नाझिकने ठेवून घेतल्या, निरोप काही पाठवला नाही. कासिमाली दुकानात यायचा बंद झाला. बर्फ पडायच्या आधी तो घोडा घेऊन वर गेला होता, असं चपलावाल्याने सांगितलं; सागीनच्या एकेका झऱ्यावर जाऊन पाणी पीत होता, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होता, हा आहे, मी प्यायलो, हा पण आहे. एकट्या माणसाने किती जणांना सांगावं?

सभेत होते त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. पण सभेत किती जण मावतात? बाकीच्या जिल्ह्याला गोष्ट अर्धीच पोचली, आणि अर्धी गोष्ट पुरीपेक्षा जोरात पळते. "पाण्याचा बाप झरा आणि शब्दाचा बाप कान," असं आमच्याकडे म्हणतात. कानाने जे धरलं तेच वाढतं.

जानेवारीत, नदी पांढरी होऊन थिजली होती तेव्हा, दोन मुली दुकानात आल्या. दूरच्या खोऱ्यातल्या होत्या, लाल गालांच्या, एकमेकींना ढकलत हसणाऱ्या. एकीच्या फोनची काच फुटली होती. दामिरा काच बदलत होती आणि त्या स्टोव्हपाशी हात शेकत बोलत होत्या.

"तो म्हणाला, वसंतात लग्न करू, राजधानीत खोली घेऊ, मला शिकवणार पण आहे," काचेवाली म्हणाली.

"हो का? गेल्या वसंतातही हेच म्हणत होता ना?" दुसरी म्हणाली. "सागीनचा झरा दाखवतोय तुला, बाई. जा, भरून आण बादली."

दामिराचा स्क्रूड्रायव्हर घसरला.

"कोण गं हा सागीन?" तिने मान वर न करता विचारलं.

"कोणास ठाऊक, एजे. अशी म्हण आहे. फोनमधला नकाशा उघडला की पहिलं त्याचंच नाव येतं." मुलीने हात चोळले. "कोणीतरी मोठा थापाड्या असणार."

दामिराने काच बसवली, कडा अंगठ्याने दाबल्या, फोन चालू करून पाहिला. लावलेली काच स्वच्छ होती, एकही रेघ नव्हती.

"थापाड्या तो नव्हता," ती म्हणाली. "तो माझा नवरा. थापा मी मारल्या."

मुलींना वाटलं, एजे गंमत करतेय. त्या मनापासून हसल्या, फोन घेतला, आणि हसत हसतच दार ओढून बाहेर गेल्या.